मुखवट्यासोबत गाणेही नोंदवा

संपादक महोदय,

मलावी, झांबिया आणि मोझांबिकमधील चेवा समाजाचे ‘गुले वामकुलू’ हे मुखवटानृत्य २००८पासून युनेस्कोच्या यादीत आहे. चित्रणात मात्र बहुधा मुखवटाच दिसतो. पात्रागणिक गाणे आणि ढोलाचा ठेका बदलतो; तेच सुटले तर उरतात लाकूड नि पिसे! ढोलांच्या दणक्यात बायकांचे गाणे बुडते. म्हणून दुसरा माइक त्यांच्याजवळ ठेवावा, ढोलाकडच्या माइकची पातळी उतरवावी. कॅमेरा इतका मागे हवा की पायांची धूळही चौकटीत यावी. पात्राचे नाव, गाव, प्रसंग (अंत्यविधी की दीक्षा) तिथेच टिपावे. गावप्रमुखाची व न्याउ मंडळाची (हे नृत्य करणाऱ्यांच्या गुप्त संघाची) परवानगी आधी घ्यावी, आणि मुखवट्याआड कोण आहे हे अजिबात विचारू नये.

– लोककलांचे दस्तऐवजीकरण करणारे काही कार्यकर्ते