जिन्यात न बोलणारी माणसं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण दोन ओळींतच लक्षात आलं की मी तुझी समजूत काढायला निघालोय, आणि तुला समजूत नको आहे. म्हणून कागद बाजूला सारला. पत्र मात्र रोज काढून वाचत होतो. 'आठ महिने झाले, मला इथे कुणी एकदाही विचारलं नाही की बाबा तू कोण, कुठला. इथली माणसं दगडाची आहेत.' हे तू दोनदा लिहिलं आहेस, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. शेवटच्या वेळी पेन इतकं दाबून चाललंय की कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात.

अगदी हेच वाक्य मीही एके काळी लिहिलं होतं, आणि ज्या माणसाबद्दल लिहिलं त्याच्यावर मी अन्याय केला होता. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण आठवलं की अजून वाईट वाटतं.

मी नोकरीसाठी तीन वर्षं त्या उत्तरेकडच्या शहरात होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या घरात एक वयस्कर गृहस्थ एकटे राहायचे. पहिल्या दिवशी मी दार वाजवून ओळख करून दिली. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. जिन्यात भेटले की भिंतीला लागून उभे राहायचे, मला वाट द्यायचे आणि नजर खाली ठेवायचे. सहा महिन्यांत आमच्यात दहा शब्दही झाले नसतील. तो माणूस घमेंडी आहे, परक्यांचा त्याला तिटकारा आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुढे मला ताप आला. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी पहाटे घड्याळाचा गजर वाजायला लागला आणि तो बंद करायला माझा हात उचलेना. तो वाजतच राहिला. थोड्या वेळानं दारावर थाप पडली. कसाबसा उठून दार उघडलं तर हे गृहस्थ उभे. माझ्याकडे एकदा पाहिलं, 'डॉक्टर?' एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कोट आणायला गेले. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते दवाखान्यात माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसून होते, जवळपास एक शब्दही न बोलता. माझा गजर रोज वाजतो आणि लगेच बंद होतो, हे त्यांना भिंतीपलीकडून ठाऊक होतं. त्या दिवशी तो बंद झाला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

बरा झाल्यावर मी त्यांचे आभार मानायला गेलो. ते अवघडले, मान हलवली, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा भिंतीला लागून उभे. माझ्या वाट्याला तीच खाली घातलेली नजर. पण आता ती नजर मला वेगळी दिसत होती. ते मला टाळत नव्हते, मला एकटं राहू देत होते. त्यांच्या मुलखात परक्याला द्यायची पहिली भेट तीच होती: मी तुझ्या आयुष्यात नाक खुपसणार नाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो. त्यातलं जे मनात घर करून राहिलं तेवढंच तुला सांगतो.

रॉबर्ट लेव्हाइन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या विद्यापीठात शिकवायचे. अनोळखी माणसाला कुठे किती मदत मिळते हे त्यांनी शहरोशहरी मोजून पाहिलं. आधी अमेरिकेतली ३६ शहरं, ज्यावरचा शोधनिबंध १९९४ मध्ये आला, आणि मग जगभरातली २३. रीत साधी होती. चालता चालता नकळत पेन पडू द्यायचं. लंगडत जाताना हातातली मासिकं सांडायची. आंधळ्याची काठी घेऊन रस्ता ओलांडायला उभं राहायचं. रिओ दी जानेरोत सरासरी ९३ टक्के वेळा कुणीतरी पुढे आलं, न्यूयॉर्कमध्ये ४५ टक्के आणि क्वालालंपूरमध्ये ४०. अमेरिकेतल्या शहरांपुरतं पाहिलं तर सर्वांत जास्त फरक पडत होता तो दाटीमुळे. जिथे माणसावर माणूस, तिथे मदतीचा हात कमी. हे वाचून तू म्हणशील, बघ, मी म्हणत होतो तेच.

पण याच कामातली एक गोष्ट या आकड्यांपेक्षा मला मोलाची वाटते. लेव्हाइननी पत्ता घातलेली, तिकीट लावलेली पत्रं रस्त्यात 'हरवली' होती, कुणी उचलून पेटीत टाकतं का ते पाहायला. न्यूयॉर्कमधून त्यांना एक पत्र परत आलं. लिफाफा फाडलेला होता आणि त्यावर दोन भाषांत शिव्या लिहिलेल्या होत्या, असा कसा बेजबाबदार माणूस तू म्हणून. मित्रा, हा माणूस डोळ्यांपुढे आण. संतापलेला आहे, ज्याचं पत्र आहे त्याला लाखोली वाहतो आहे, आणि तरी पेटीपर्यंत चालत जाऊन ते पत्र टाकतो आहे. शिव्या देत कर्तव्य केलं त्यानं. आपण अशा माणसाच्या फक्त शिव्या ऐकतो आणि त्याचं माप ठरवून मोकळे होतो.

मला सांगायचंय ते एवढंच आहे. गोड बोलणं आणि मदतीला येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी त्या हातात हात घालून येतात, काही ठिकाणी एक असते आणि दुसरी नसते. आपण दोघं अशा मुलखात वाढलो जिथे त्या एकत्र येतात, म्हणून पहिली दिसली नाही की दुसरीही नसणार असं आपण धरून चालतो. २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून जास्त पाकिटं 'सापडली' म्हणून निरनिराळ्या कार्यालयांत नेऊन दिली होती. कर्मचारी मालकाला कळवतात का, ते पाहायचं होतं. सर्वांत वर कोण आलं माहीत आहे? स्वित्झर्लंड आणि नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनसारखे देश, म्हणजे जिथे बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही असं प्रवासी परतल्यावर सांगतात तीच मंडळी. आणि जवळजवळ सगळ्याच देशांत, पाकिटात पैसे असले तर ते परत करण्याचं प्रमाण वाढलं होतं. हे वाचून मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

याच्या उलट अनुभवही मी घेतला आहे. नंतर मी ज्या शहरात गेलो तिथे पहिल्याच दिवशी चार जणांनी खांद्यावर हात टाकून 'कधीही या घरी' म्हटलं. मी खरोखर गेलो. दार उघडणाऱ्या बाईंचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या वाईट नव्हत्या, गोंधळल्या होत्या. त्यांच्याकडे 'कधीही या' हे आमंत्रण नव्हतंच, तो नमस्कार होता. मला ते फार लागलं होतं. हे आठवलं की कुर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञांचा निबंध आठवतो. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ते जर्मनी सोडून अमेरिकेत गेले, आणि १९३६ मध्ये त्यांनी दोन्हीकडच्या माणसांची तुलना केली. माणसाभोवती एकात एक अशी वर्तुळं असतात असं ते मांडतात. अमेरिकी माणसाची बाहेरची बरीच वर्तुळं कुणालाही खुली असतात, आतलं एक छोटं वर्तुळ मात्र घट्ट बंद. जर्मन माणसाचं कुंपण अगदी बाहेरच लागतं, पण ते ओलांडलं की आत खूप दूरवर जाता येतं. स्वतः परका झालेल्या माणसानं हे लिहिलंय, म्हणून मला ते जास्त खरं वाटतं. तू सध्या बाहेरच्या कुंपणापाशी उभा आहेस रे.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषेच्या अभ्यासकांनी तमिळ, इंग्रजी आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा तीन भाषांतलं बोलणं तपासून १९७८ मध्ये सौजन्याचे दोन प्रकार मांडले. एक जवळ घेणारं, दुसरं मोकळं सोडणारं. काही भाषांत अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात काका-मावशी करून टाकतात. काही भाषांत पत्ता विचारण्याआधी 'तुमचा वेळ घेतो, क्षमा करा' असं तीन वेळा म्हणतात. दोघांनाही समोरच्याचा मान ठेवायचा असतो. पण पहिल्याला दुसरा माणूस तुटक वाटतो आणि दुसऱ्याला पहिला घुसखोर. तू जिन्यात रोज मोठ्यानं हाक मारतोस म्हणून लिहिलं आहेस. त्यांना ती कशी ऐकू येत असेल, याचाही विचार कर.

आणि गोड बोलण्याच्या पोटात काय काय असतं तेही पाहा. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे लोक अदबशीर म्हणून प्रसिद्ध. डोव्ह कोहेन आणि रिचर्ड निस्बेट यांनी मिशिगन विद्यापीठात दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले, ते १९९६ मध्ये छापून आले. काही जणांना बोळातून जाताना मुद्दाम धक्का मारून शिवी दिली जाई, काहींना नाही. पुढे समोरून एक धिप्पाड माणूस येई, आणि वाट फक्त एकाला पुरेल एवढीच. ज्यांना कुणी दुखावलं नव्हतं ते दक्षिणेकडचे विद्यार्थी सुमारे ९ फुटांवरूनच बाजूला होत, उत्तरेकडच्यांपेक्षा आधी. अपमान झालेले मात्र अगदी ३ फुटांपर्यंत हटत नसत. उत्तरेकडच्यांत शिवीनं फारसा फरकच पडत नव्हता. जिथे अपमानाची किंमत मोठी असते, तिथे माणसं अदबही जपून पाळतात. ती अदब खोटी नाही, पण निव्वळ प्रेमातूनही आलेली नाही. आपल्या मुलखातल्या आपुलकीतही भिडेचा, लोक काय म्हणतील याचा वाटा असेलच ना? मला तो मान्य करायला जड जातं.

हे सगळं लिहिलं म्हणून तुझा एकटेपणा खोटा ठरत नाही. दिवसभर कुणी नावानं हाक मारली नाही की संध्याकाळी घसा कसा कोरडा होतो, ते मी अनुभवलंय. तिथल्या लोकांची रीत समजली म्हणून ती पोकळी भरत नाही. म्हणून तू बोलणं सोडू नकोस, हे मी कळवळून सांगतोय. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये शिकागोच्या लोकल गाड्यांतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोलणं नकोसं होईल असा सगळ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांचाच प्रवास जास्त सुखाचा झाला. पुढे लंडनकडच्या गाड्यांतही तसंच दिसलं, आणि तिथले प्रवासी तर न बोलण्याबद्दलच प्रसिद्ध. म्हणजे गप्प बसलेल्या डब्यात बोलायची इच्छा असलेली माणसं बरीच असतात. समोरच्याला नको असेल असं समजून जो तो थांबलेला असतो.

फक्त मोठ्यानं हाक मारू नकोस. हळू सुरू कर. कामापुरता एखादा प्रश्न विचार, त्यांना मदत करायची संधी मिळेल असा. मागच्या मुक्कामात मला ते फार उशिरा सुचलं. त्या शेजारच्या गृहस्थांना मी एकदा खिडकीची अडकलेली कडी कशी काढायची ते विचारलं, तेव्हा ते हत्यारांची पेटी घेऊन आले आणि तासभर थांबले. जाताना त्यांनी मला त्यांचं पहिलं नाव सांगितलं. मला तिथे तेव्हा अडीच वर्षं झाली होती.

आता तुझ्याच पत्राकडे येतो. दुसऱ्या पानावर, पाण्याच्या तक्रारीच्या मधेच, तू एक ओळ लिहून गेला आहेस. चौथ्या मजल्यावरचा तो उंच माणूस, जो तुझ्या हाकेला कधी ओ देत नाही, तो तू फाटकातून येताना दिसलास की लिफ्टचं दार धरून थांबतो, तू आत येईपर्यंत. तू पुढे लगेच पाण्याकडे वळलास. मी मात्र तिथेच थांबलो. फाटकापासून लिफ्टपर्यंत किती अंतर आहे रे? तो किती वेळ थांबत असेल? पुढच्या पत्रात त्याच्याबद्दल सविस्तर लिही.

तुझा,
जिवलग मित्र