परदेशात इंग्रजी पुस्तक घेताना आधी वजन पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांसाठी व्हिसा, घरभाडे, आरोग्य विमा या सगळ्याची माहिती वृत्तपत्रांतून नियमित येते. पुस्तकांचा विषय त्यात कधी निघत नाही. ज्या देशात रोजचे व्यवहार जर्मन, जपानी, पोर्तुगीज अशा भाषांत चालतात, तिथे इंग्रजी पुस्तक हा आयात माल असतो. दुकानात त्याला एखाद-दुसरी फळी मिळते, तीवर त्या हंगामातल्या खपाऊ कादंबऱ्या असतात आणि किमती चढ्या. मग मुलांचे इंग्रजी वाचन तुटते, विद्यार्थी चोरीच्या पीडीएफकडे वळतात आणि मोठी माणसे वाचायचेच सोडून देतात. यातले काहीच व्हायची गरज नाही. सरळ मार्गाने, परवडेल अशा खर्चात पुस्तके मिळवता येतात. त्याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्यावी: पुस्तकाची किंमत पाहू नये, ते दारात येईपर्यंतचा खर्च पाहावा. जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर कादंबरी कवडीमोलाने दिसते आणि शेवटच्या पानावर टपालखर्च तिच्या तिप्पट निघतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. जगभर मोफत पाठवणारे ‘बुक डिपॉझिटरी’ हे ऑनलाइन पुस्तकांचे दुकान एप्रिल २०२३ मध्ये बंद झाले, तेव्हापासून तर हा हिशेब टाळताच येत नाही. खिशात मावणारी छोटी पेपरबॅक साधारण १५० ते २५० ग्रॅम भरते, मोठ्या आकाराची पेपरबॅक ३०० ते ४५० ग्रॅम आणि पुठ्ठा बांधणीचे पुस्तक सहज ६०० ग्रॅमच्या वर जाते. मजकूर तोच असतो. ब्रिटिश प्रकाशकांच्या नव्या कादंबऱ्या परदेशात बहुधा आधी मोठ्या, जड निर्यात आवृत्तीत येतात. १९८ × १२९ मिलिमीटरची हलकी आवृत्ती बऱ्याचदा वर्षभराने निघते. थांबण्याची तयारी असेल तर किंमत आणि वजन दोन्ही उतरते.

खरेदीच्याही आधी गावातले सार्वजनिक ग्रंथालय. तिथे सगळे स्थानिक भाषेतच असणार असे धरून अनेक जण आत पाऊलच टाकत नाहीत. रहिवासाच्या नोंदणीचा कागद आणि ओळखपत्र दाखवले की बहुतेक ठिकाणी कार्ड मिळते. इंग्रजी पुस्तके ‘परकीय भाषा’ अशा पाटीखाली वेगळी ठेवलेली असतात आणि मुलांची इंग्रजी पुस्तके बालविभागात, म्हणून कपाटांमधून फिरण्यापेक्षा सूचीत भाषेची चाळणी लावून शोधावे. पुस्तक नसेल तर खरेदीच्या सूचनेचा अर्ज असतो का ते विचारावे आणि त्यावर आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा छापील क्रमांक, लिहावा. नुसते नाव लिहिले तर बऱ्याचदा अनुवाद येतो. दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवण्याची सोयही असते. त्यासाठी ‘वर्ल्डकॅट’ या एकत्रित सूचीत पुस्तक जवळ कुठे आहे ते पाहून तो तपशील काउंटरवर द्यावा. शुल्क लागते का, ते आधीच विचारून घ्यावे.

याच कार्डावर अनेक ग्रंथालये ‘लिबी’ ॲपमधून इंग्रजी ई-पुस्तके आणि ऑडिओ पुस्तके देतात. कार्डाचा क्रमांक आणि पिन टाकला की झाले, आणि एकाहून अधिक ग्रंथालयांची कार्डे एकाच ॲपमध्ये ठेवता येतात. रांगा लांब असतात, कारण प्रकाशक ग्रंथालयाला परवाना देतात तो बहुधा एका प्रतीला एका वेळी एकच वाचक अशा अटीचा, आणि मुदतीचा. तेव्हा एका पुस्तकासाठी ताटकळण्यापेक्षा पाच-सहा नोंदवून ठेवावीत. पाळी आली आणि त्या आठवड्यात वेळ नसेल, तर पुस्तक पुढे ढकलता येते, रांगेतला नंबर जात नाही. वाचनयंत्र घेताना मात्र जपून. लिबीचे पुस्तक ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्रावर घेण्याची सोय फक्त अमेरिकेतल्या ग्रंथालयांना आहे. बाकी देशांत राहणाऱ्याने ग्रंथालयाच्या भरवशावर किंडल घेतले तर ते उपयोगी पडत नाही. कोबोच्या यंत्रांत बऱ्याच देशांत ग्रंथालयाची सोय आतच असते. फोनवर किंवा टॅबवर तर कुठेही वाचता येते.

जुने अभिजात साहित्य विकत घेण्याचे तर कारणच नाही. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर ७०,००० हून अधिक पुस्तके मोफत आहेत. त्यांतलीच निवडक पुस्तके ‘स्टँडर्ड ईबुक्स’ नीट तपासून, सुबक मांडणीत देते. ‘लिब्रिव्हॉक्स’वर स्वयंसेवकांनी वाचलेली ऑडिओ पुस्तके मिळतात, वाचणाऱ्यांचा दर्जा कमी-जास्त असतो, पण मुलांच्या कानावर भाषा पडायला उत्तम. फक्त आपण राहतो तिथला कायदा पाहावा. अमेरिकेत जुन्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) प्रकाशनानंतर ९५ वर्षांनी संपतो, युरोपीय संघात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी. त्यामुळे अमेरिकेत मोकळे झालेले पुस्तक दुसरीकडे अजून बंद असू शकते. याच वादातून गुटेनबर्ग २०१८ ते २०२१ या काळात जर्मनीतून उघडतच नव्हते. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या ऑनलाइन संग्रहाच्या उधारीच्या विभागातूनही प्रकाशकांनी केलेल्या दाव्यानंतर सुमारे ५ लाख पुस्तके उतरवली गेली आणि २०२४ मध्ये अपिलातही निकाल आर्काइव्हच्या विरोधात लागला. तिथे पूर्वी दिसलेले पुस्तक आता उघडत नसेल तर दोष आपल्या संगणकाचा नाही.

आता जुनी पुस्तके मागवण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण पैसे बुडतात ते इथेच. शोध नेहमी आयएसबीएनवरून घ्यावा. तो मागच्या कव्हरवर बारकोडपाशी आणि आतल्या हक्कांच्या पानावर असतो. २००७ पासून तो १३ अंकी आहे, त्याआधी १० अंकी होता. जुन्या क्रमांकापुढे नुसते ९७८ जोडून चालत नाही, कारण शेवटचा पडताळणी अंक बदलतो. संगणकावर फुकट रूपांतर करून मिळते, ते वापरावे. साधारण १९७० च्या आधीच्या पुस्तकांना हा क्रमांकच नसतो, तिथे प्रकाशक आणि साल लिहून शोधावे. ‘बुकफाइंडर’सारखे तुलना करणारे संकेतस्थळ आपला देश निवडला की टपालखर्च धरून यादी लावते. ‘एबबुक्स’ या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन बाजारात विक्रेत्याचा देश निवडता येतो आणि ही चाळणी सर्वांत जास्त पैसे वाचवते. युरोपीय संघात राहणाऱ्याने संघातल्याच विक्रेत्याकडून घेतले तर आयातीवरच्या कराचा आणि सीमेवरच्या सोपस्कारांचा प्रश्नच उद्भवत नाही. ब्रिटनमधून मात्र २०२१ पासून तो उद्भवतो.

वर्णनातले शब्द नीट वाचावेत. ‘गुड’ म्हणजे चांगले असे समजू नये. या धंद्यात त्याचा अर्थ बऱ्यापैकी वापरलेले, पण पाने पूर्ण असलेले पुस्तक. ‘ॲक्सेप्टेबल’मध्ये अधोरेखने, कडेच्या नोंदी, सैल झालेला कणा हे सगळे येते. ‘एक्स-लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालयातून काढलेली प्रत: शिक्के, चिकटवलेला खिसा, पण अनेकदा प्लॅस्टिकचे मजबूत वेष्टन, नुसते वाचायचे असेल तर हा सौदा चांगला. ‘रिमेंडर’ म्हणजे न खपलेली नवी प्रत, जिच्या कडेवर पेनाची एक रेघ असते. तिला मी जुन्या प्रतीपेक्षा केव्हाही पसंती देईन. अभिजात पुस्तकांच्या अनोळखी प्रकाशनाच्या, ‘प्रिंट ऑन डिमांड’ (मागणी आली की छापलेली प्रत) असे लिहिलेल्या नव्या प्रतींपासून मात्र लांब राहावे. जुन्या प्रतीच्या स्कॅनवरून यंत्राने वाचलेला मजकूर तसाच छापलेला असतो: तुटलेली अक्षरे, गळालेल्या ओळी, चित्रे गायब.

पैसे भरताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, पडद्यावरचा टपालखर्च बहुधा १ किलोच्या पुस्तकाचा धरलेला असतो. त्याहून जड पुस्तकाला विक्रेता नंतर जादा रक्कम मागतो किंवा ऑर्डर रद्द करतो. दुसरे, चार पुस्तके चार विक्रेत्यांकडून घेतली की टपाल चार वेळा पडते. एक पुस्तक ठरले की त्याच विक्रेत्याच्या यादीत आपली बाकीची नावे शोधावीत आणि एकत्र पाठवण्याचा दर त्याला लिहून विचारावा. कार्डाने भरताना चलनाचा पर्याय आला तर विक्रेत्याचेच चलन ठेवावे. तिथल्या तिथे केलेल्या रूपांतराचा दर बहुधा महाग पडतो.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. तिथे पुस्तकांची किंमत कायद्याने बांधलेली आहे, म्हणून अनेक जण दुकानांची तुलनाच करत नाहीत. परंतु परभाषेतले पुस्तक त्या कायद्याखाली येते ते मुख्यतः जर्मनीत विकण्यासाठी छापलेले असेल तरच. आयात केलेल्या इंग्रजी पुस्तकाचा दर दुकानागणिक वेगळा असू शकतो, तेव्हा विचारपूस करावी.

सर्वांत स्वस्त पुस्तके मात्र आपल्याच शहरातून निघून जाणाऱ्या माणसांकडे असतात. नोकरीची किंवा शिक्षणाची मुदत संपली की परदेशी कुटुंबे सामान हलके करतात आणि पुस्तके सर्वांत जड, म्हणून ती आधी निघतात. शैक्षणिक वर्षाच्या शेवटी जुन्या वस्तूंच्या स्थानिक संकेतस्थळांवर लक्ष ठेवावे. तिथे पुस्तकाच्या नावाने काही सापडणार नाही. ‘इंग्रजी पुस्तके’, ‘इंग्रजी कादंबऱ्या’, ‘पेटीभर पुस्तके’ हे शब्द त्या देशाच्या भाषेत लिहून शोधावे लागते. पूर्ण पेटी उचलतो म्हटले की भाव पडतो, कधी फुकटही देतात. आंतरराष्ट्रीय शाळांचे मेळे आणि चर्चमधली जुन्या वस्तूंची विक्री याही हमखास जागा. ‘लिटल फ्री लायब्ररी’च्या पेट्यांचा नकाशा त्यांच्या संकेतस्थळावर आहे. विद्यापीठाच्या आसपासच्या पेट्यांत इंग्रजी पुस्तके मिळण्याची शक्यता अधिक.

क्रमिक पुस्तकांचे गणित वेगळे. तिथे आधी ‘ओपनस्टॅक्स’ पाहावे: राइस विद्यापीठाच्या या उपक्रमात भौतिकशास्त्र, सांख्यिकी, अर्थशास्त्र अशा विषयांची पदवी पातळीची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत आणि अधिकृत मिळतात. मागची आवृत्ती घेतली तर पैसे बरेच वाचतात, पण प्रकरणाच्या शेवटच्या उदाहरणांचे क्रमांक बदललेले असतात. गृहपाठ क्रमांकाने दिला जातो आणि विद्यार्थी भलतेच उदाहरण सोडवून आणतो. स्वस्त आंतरराष्ट्रीय आवृत्तीतही हीच अडचण येते. ग्रंथालयातल्या प्रतीवरून उदाहरणांच्या पानांचे फोटो घेतले की ती मिटते. नव्या पुस्तकासोबत मिळणारा ऑनलाइन गृहपाठाचा कोड लागणार असेल तर वापरलेले पुस्तक घेऊ नये, कारण कोड एकदाच चालतो.

ई-पुस्तकांच्या दुकानात खाते ज्या देशाचे, तिथलीच पुस्तके आणि तिथलेच दर दिसतात. प्रकाशनाचे हक्क देशवार विकलेले असतात हे त्याचे कारण. युरोपीय संघाच्या २०१८ च्या भौगोलिक अडवणुकीविरुद्धच्या नियमातूनही ई-पुस्तके वगळलेली आहेत. खात्याचा देश बदलण्याआधी शिल्लक गिफ्ट कार्डे वापरून टाकावीत.

शेवटी घरून पार्सल पाठवणाऱ्यांसाठी. खासगी कुरिअरपेक्षा टपाल बहुधा स्वस्त पडते, शिवाय सीमाशुल्क सोडवण्याचे कुरिअरचे शुल्कही भारी असते. आंतरराष्ट्रीय टपालात छोट्या पाकिटाला २ किलोची मर्यादा आहे, पण छापील पुस्तकांच्या पाकिटाला ५ किलोची. म्हणून ही सेवा आपल्याकडून चालू आहे का ते आधी विचारून काउंटरवर ‘छापील साहित्य’ असे स्पष्ट सांगावे, आणि आत पत्र किंवा खाऊ घालू नये, नाहीतर तो दर जातो. त्याहून जास्त असेल तर एकाच पत्त्यावर ३० किलोपर्यंत जाणारी छापील साहित्याची टपाल-थैली, म्हणजे ‘एम बॅग’, आपल्याकडून त्या देशात जाते का, हे विचारावे. ती महिनोन्‌महिने घेते, पण किलोमागे स्वस्त पडते. पुस्तके आडवी रचावीत, आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावीत आणि पोकळी कागदाने गच्च भरावी. आत हालचाल झाली की कोपरे चेपतात. १९५० च्या फ्लॉरेन्स करारामुळे त्यात सामील देशांत पुस्तकांवर सीमाशुल्क नाही, पण तिथला व्हॅट किंवा जीएसटी लागू शकतो. युरोपीय संघात एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेल्या ४५ युरोपर्यंतच्या भेटीला त्यातून सूट आहे. दुकानाने परस्पर पाठवलेल्या पार्सलाला ती मिळत नाही. पार्सलात काय आहे ते सीमाशुल्क खात्याला सांगणाऱ्या सीएन २२ च्या चिठ्ठीवर नुसते ‘पुस्तके’ न लिहिता ‘जुनी छापील पुस्तके, ४ नग’ असे इंग्रजीत, खऱ्या किमतीसह आणि ४९०१ या वर्गवारी क्रमांकासह लिहावे. पेटी बंद करण्यापूर्वी दोन्ही पत्ते आणि पुस्तकांची यादी लिहिलेला कागद सर्वांत वर ठेवावा. बाहेरचे लेबल प्रवासात सुटले, तर पार्सल कोणाचे हे कळायला दुसरा मार्ग उरत नाही.

आपला,
एक वाचक