निवड चाचणीतले घड्याळ आणि जेरी राईसची कारकीर्द

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लॉस एंजेलिस येथे २०२८ साली होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलचाही समावेश झाला आहे. प्रतिस्पर्ध्याला अंगावर जाऊन पाडण्याऐवजी त्याच्या कमरेला लावलेली पट्टी ओढून त्याला अडवायचे, असा हा अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार आहे. त्या निमित्ताने मूळ खेळातील जेरी राईस या खेळाडूविषयी लिहीत आहे. खान्देशात शालेय आणि तालुका पातळीवर मुले निवडण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात काय चुकते आहे हे या एका कारकिर्दीवरून चांगले उमगते.

राईसचा जन्म १९६२ चा. मिसिसिपी राज्यातील क्रॉफर्ड या छोट्या गावात तो वाढला. वडील गवंडी होते आणि सुट्टीच्या दिवसांत मुले त्यांच्या हाताखाली काम करीत. भाऊ खालून विटा फेकीत आणि जेरी वर परांचीवर उभा राहून त्या झेलीत असे. आपल्याकडे जळगावात किंवा धुळ्यात बांधकामाजवळून जाणाऱ्या कोणालाही हे दृश्य नवे नाही. वीट हातात येताच जाणता मजूर हात किंचित मागे घेतो, म्हणजे तिचा जोर जिरतो. ताठ हाताने झेलणाऱ्याची बोटे पहिल्याच दिवशी सोलवटून निघतात. ज्या हातांनी पुढे वीस वर्षे व्यावसायिक मैदानावर चेंडू झेलले, ते हात उन्हातल्या या कामावर घडले, असे राईस स्वतः सांगत आला आहे.

तो ज्या जागी खेळे तिला वाइड रिसीव्हर म्हणतात. हा खेळाडू रांगेच्या टोकाला उभा राहतो आणि चेंडू खेळात येताच आधी ठरलेल्या वाटेने धावतो. काही पावलांवर अचानक वळतो आणि पाठीवर असलेल्या रक्षकापासून हातभर मोकळी जागा काढतो. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा खेळाडू, चेंडू फेकतो तो रिसीव्हर जिथे आहे तिथे नव्हे, तर तो जिथे पोहोचणार आहे तिथे, आणि पुष्कळदा रिसीव्हर वळण्याच्या आधीच. म्हणून या जागेवर नुसता पळणारा माणूस टिकत नाही. वळताना पाऊल कुठे पडते, वेग कमी न करता मान केव्हा फिरवायची, अंगावर माणूस आदळणार हे ठाऊक असताना नजर चेंडूवर कशी ठेवायची, या सगळ्याचा तिथे कस लागतो, आणि यातले काहीही घड्याळात दिसत नाही.

मोठ्या विद्यापीठांनी राईसला विचारले नाही. मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहान, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात तो खेळला आणि १९८४ च्या एका हंगामात त्याने २७ टचडाउन झेलले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू झेलून प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडचे गुण मिळवले. तरीही व्यावसायिक संघांच्या मनात शंका होती, कारण ४० यार्डांच्या धावेत त्याची वेळ बेताची मानली जात होती. व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात, त्या १९८५ च्या निवडीत सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाने त्याला घेतले ते सोळाव्या क्रमांकावर, आणि त्याच्याआधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते. प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याचा खेळ टीव्हीवर पाहिला होता आणि आकड्यांपेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता.

पहिल्या वर्षी मात्र वॉल्श यांचा निर्णय चुकल्यासारखाच वाटला असेल. राईसच्या हातून चेंडू सुटत, आणि घरच्या मैदानावर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. संघाने त्याला बाजूला केले नाही, ही माझ्या मते या सबंध कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. त्याच डिसेंबरात लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध एका सामन्यात त्याने झेललेल्या चेंडूंवर संघाला २४१ यार्डांची आगेकूच मिळवून दिली. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, १,५७० यार्डांसह तो एनएफएल या साऱ्या व्यावसायिक लीगमध्ये पहिला आला, आणि १९८७ मध्ये अवघ्या १२ सामन्यांत त्याने २२ टचडाउन झेलले. हा विक्रम मोडायला वीस वर्षे जावी लागली; २००७ मध्ये रँडी मॉसने २३ केले, पण त्यासाठी त्याला १६ सामने मिळाले होते.

सरावात झेललेला प्रत्येक चेंडू घेऊन तो थेट शेवटच्या रेषेपर्यंत धावत जाई, मग इतर खेळाडू पाणी पीत उभे का असेनात. हंगाम नसताना सॅन कार्लोसजवळच्या टेकडीवरची सुमारे अडीच मैलांची चढण तो धावून चढे, आणि त्याच्यासोबत सरावाला आलेले कित्येक व्यावसायिक खेळाडू मध्येच थांबत. १९९७ मध्ये त्याचा गुडघा गेला. डिसेंबरात परतला, त्याच सामन्यात गुडघ्याची वाटी फुटली, आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा सर्व सामने खेळला. चाळिशी गाठली त्या २००२ च्या हंगामात ओकलंडच्या संघाकडून त्याने ९२ झेल घेतले. तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड होते. यार्डांच्या यादीत दुसऱ्या स्थानावर असलेला लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ वर थांबला, म्हणजे दोघांत पाच हजारांहून अधिक यार्डांचे अंतर आहे.

आता आपल्याकडे पाहू. मी अनेक वर्षे क्रीडाशिक्षक होतो. सातपुड्याच्या पाड्यावरून आश्रमशाळेत आलेला एक मुलगा मला आजही आठवतो. हँडबॉलचा चेंडू कसाही येवो, त्याच्या हातात तो अलगद बसे. निवड चाचणीत आधी शंभर मीटर धावायला लावले, त्याची वेळ काही क्षणांनी कमी पडली आणि त्याच्या हातात चेंडू देण्याची वेळच आली नाही. नियमाप्रमाणेच झाले, म्हणून कोणी बोलले नाही. तो मुलगा पुढच्या वर्षी शाळेतच आला नाही. आई-वडिलांसोबत ऊसतोडीला गेला असे कळले. असे एकच मूल होते, असे मला वाटत नाही.

धावेची वेळ घेऊच नये, असे मी म्हणत नाही. ज्या खेळात झेलणे, वळणे आणि अंदाज यांना किंमत आहे, त्या खेळाच्या चाचणीत धावेच्या वेळेवर मूल आधीच गाळले जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. वेळ कमी पडली तरी प्रत्येक मुलाला चेंडू हाताळण्याची संधी द्यावी आणि तिची वेगळी नोंद ठेवावी. चाचणी वर्षातून एकदाच, तीही परीक्षेच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत न घेता, सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी, कारण चौदा-पंधरा वर्षांचे मूल तेवढ्या अवधीत केवढे बदलते हे शिक्षकांना सांगायला नको. आणि निवड झालेला मुलगा पहिल्या स्पर्धेत चुकला तर त्याला निदान एक पूर्ण हंगाम संघात ठेवावे. यातल्या कशालाही वेगळे अनुदान लागत नाही. चार-दोन चेंडू, एक वही आणि पाहणारा शिक्षक पुरे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील क्रीडाशिक्षकांनी या विषयावर आपापले अनुभव आपल्या वृत्तपत्राकडे पाठवावेत आणि आपण ते क्रीडा पानावर छापावेत, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
शहादा, जि. नंदुरबार