शेत काय धर्मशाळा आहे का?

संपादक साहेब,
आमच्या रावेरच्या पलीकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडला मार्च २०२५ मध्ये लोक ‘छावा’ पिक्चर बघून रात्री टॉर्च, मेटल डिटेक्टर घेऊन मुघलांची नाणी शोधायला दुसऱ्यांची शेतं खणत सुटले, मालकाला विचारायचं तर नावच नाही. मागे राहिले नुसते खड्डे, पाय मुरगळणार तो शेतकऱ्याचा नाहीतर बैलाचा! १८७८ च्या कायद्यात १० रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं, आणि कुठं सापडलं तेही सांगावं लागतं, मग चोरून खणून मिळवणार काय? बांधावर येऊन विचारा, पीक निघाल्यावर या म्हटलं तर थांबा, खड्डे बुजवा, आणि हिश्श्याचं आधीच कागदावर लिहून घ्या.
– एक शेतकरी, रावेर