मंत्रीसाहेब, परवान्यांची यादी बंदरावरच्या बोर्डावर लावा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या बंदरावरची. बाबांची दोन सिलिंडरची होडी आहे, गिलनेटची, म्हणजे मासा कल्ल्यात अडकतो त्या उभ्या जाळ्याची. त्या होडीचा परवाना रिन्यू करायला आम्हाला काय काय करावं लागलं ते सांगायला हे पत्र लिहितेय.

परवाना संपत आला म्हणून मे महिन्यात, होडी किनाऱ्यावर ओढायच्या आधीच, बाबांनी मत्स्यव्यवसाय ऑफिसात फाईल दिली. पोच मागितली तर म्हणाले नंतर घ्या. जूनमध्ये गेलो तर तिथले साहेब मीटिंगला, जुलैत गेलो तर होडीची पाहणी बाकी आहे म्हणाले, आता पावसात शाकारून ठेवलेली होडी तिथेच तर होती, कधीही येऊन बघायची ना. ३१ जुलैला पावसाळी मासेमारी बंदी संपली, सगळ्या होड्या गेल्या आणि आमची किनाऱ्यावरच. आमच्याच खाडीतल्या एकाने आमच्यानंतर वीस दिवसांनी फाईल दिली होती, त्याचं काम आठवड्यात झालं. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचंही पोट आहे. पण त्याचं का झालं आणि आमचं का नाही, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

आमचे १९ दिवस गेले. ऑगस्टातले दिवस म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही, वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा त्या सुरुवातीच्या कोळंबीवर असतो. खलाशांना अ‍ॅडव्हान्स आधीच दिलेला. परवाना नाही म्हणजे डिझेलचा परतावा नाही, मच्छीमार सोसायटीत तोंड दाखवायची सोय नाही, आणि तसंच समुद्रात गेलो आणि पकडलो तर दंड. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली आणि दंड लाखांत गेले, एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांना ५ ते २० लाख. ते बरोबरच झालं, आम्हीच मागत होतो. पण नियम मोडणाऱ्याला एवढा दंड लावता तर नियम पाळायला धडपडणाऱ्याचा कागद वेळेत द्यायची जबाबदारी पण कुणावर तरी पाहिजे की नाही?

साहेब, नवीन परवाना देणं आणि जुना रिन्यू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऑफिसात दोन्ही एकाच पद्धतीने चालतात, म्हणजे ज्याची ओळख त्याचं काम. नवीन परवाने मोजकेच असतात. पर्ससीनचंच बघा, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांचं, ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात संख्या कमी करत करत १८२ वर आणायची ठरली. आता १८२ मध्ये कोण राहणार आणि कोण जाणार हे कशावर ठरतं, ते निकष सगळ्यांसमोर नकोत का? टूजीच्या, म्हणजे मोबाईल कंपन्यांना लहरी (स्पेक्ट्रम) वाटल्याच्या केसमध्ये २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने १२२ लायसन्स रद्द केली. तिथे अर्जाची शेवटची तारीखच मागे ओढली होती आणि जो आधी येईल त्याला आधी हा नियम आपल्या सोयीने वळवला होता. कोर्टाने तर असंही म्हटलं की सार्वजनिक मालमत्ता वाटताना पहिला आला त्याला दिलं ही पद्धतच मुळात घातक आहे, कारण कधी यायचं हे ज्याला आतून कळतं तोच पहिला येतो. समुद्र पण सगळ्यांचाच ना?

रिन्यूअलचं मात्र तसं नाही. तिथे कुणाला निवडायचंच नसतं. कागद बरोबर असले, होडी बघितली, झालं. तिथे रांगच पाहिजे आणि ती सगळ्यांना दिसली पाहिजे. म्हणून माझी मागणी साधी आहे, प्रत्येक बंदरावर एक बोर्ड लावा: अर्ज नंबर, कधी आला, पाहणी कधी झाली, परवाना कधी दिला, आणि अडकला असेल तर कुठल्या कागदासाठी. ऑनलाइन आहे म्हणाल, पण बाबांना मोबाईलवर फक्त फोन घेता येतो, बोर्ड मात्र मासे उतरवताना शंभर जण वाचतील. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, त्यात अर्जाची पोच द्यायची आणि नाकारलं तर कारण लेखी द्यायचं असं आहे, उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड पण आहे. आम्ही ज्या टेबलासमोर उभे राहतो तिथे त्यातलं काहीच पोचलेलं नाही. आणि बंदीच्या आधी ज्याचा पूर्ण अर्ज आला त्याचा निर्णय ३१ जुलैच्या आत झालाच पाहिजे, नाही झाला तर जुन्या परवान्यावर जाऊ द्या, ऑफिसच्या उशिराची शिक्षा होडीला नको.

२०२५ ला मासेमारीला शेतीचा दर्जा दिलात, आमच्याकडे लोकांनी पेढे वाटले, बाबांनी पण वाटले. तेच बाबा पुढच्या खेपेला परत ती फाईल घेऊन त्याच टेबलासमोर उभे राहतील. तोपर्यंत निदान आमच्या बंदरावर तरी तो बोर्ड लागू दे, साहेब. ठोकायला खिळे आम्ही देतो, हातोडी पण आमचीच.

आपली,
एका गिलनेटवाल्याची मुलगी