सूचना : डिसेंबरमध्ये धावणं सुटू देऊ नका

सर्व सदस्यांना नमस्कार. वर्षअखेरीची कामं, पाहुणे, त्यात पहाटेची थंडी. रोज जमणार नाही हे मान्य. पण आठवड्यातले तीन दिवस सोडू नका. तासभर नसेल तर 20 मिनिटं धावा, सवय टिकायला तेवढी पुरतात.

थंडीत अंग आखडलेलं असतं, म्हणून निघण्याआधी जागच्या जागी पावलं उचला आणि पहिला किलोमीटर सावकाश ठेवा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे. अंधारात धावणाऱ्यांनी चमकणारी पट्टी लावावीच. ही अट समजा. बुडालेले किलोमीटर रविवारी एकदम भरून काढू नका, त्यानं पाय दुखावतात.

खंड पडला असेल तर संकोच न करता या. हळू धावणारं कुणीतरी सोबत असेलच.