खोडदची दुर्बीण आणि आकाशातील घड्याळे

महोदय,

गुरुत्वीय लहरी (अवकाशाला ताणत-आकसत पसरणारी कंपने) म्हटले की त्या टिपणारी अमेरिकेतील लायगो वेधशाळाच वाचकांना आठवते. परंतु २९ जून २०२३ रोजी जाहीर झालेल्या, एकेक आंदोलन पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागणाऱ्या मंद लहरींच्या पुराव्यात नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता, याची दखल (मराठी वृत्तपत्रांनीसुद्धा) पुरेशी घेतलेली नाही. ही दुर्बीण ज्यांचे वेध घेते ते स्पंदक तारे (स्वतःभोवती वेगाने फिरणारे मृत ताऱ्यांचे गाभे) घड्याळासारखे नियमित रेडिओ स्पंद पाठवतात आणि या लहरींमुळे अवकाश किंचित ताणले वा आकसले की ते स्पंद सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी फरकाने लवकर किंवा उशिरा पोहोचतात. हा फरक अनेक स्पंदकांमध्ये ठरावीक नमुन्याने दिसावा लागतो, म्हणून निरीक्षणे वर्षानुवर्षे चालतात. एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हा या लहरींचा संभाव्य उगम मानला जातो.

– एक वाचक